दिवाणजीच फसले

बीबी गावात कचरूला कचरू म्हणणारी माणसं थोडीच. बसस्टँडजवळच्या त्याच्या शिलाईच्या दुकानात कोणीही आलं की, "दिवाणजी, पँटची उंची कमी करा लागते," असंच म्हणणार. जयंतीच्या आठवड्यात वस्तीतली मंडळी दरवर्षी एकच नाटक करतात, गावातल्या एका मास्तरांनी फार पूर्वी वहीत लिहून ठेवलेलं. त्यातला दिवाण राजाच्या कानाशी लागतो, बिचाऱ्या राणीबद्दल त्याचं मन नासवतो. राजा तिचा जीव घेतो, आणि खरं कळल्यावर स्वतःचाही. बावीस वर्षं हा दिवाण कचरूच. आणि काय व्हायचा म्हणता! एका म्हातारीनं तर त्याच्याकडं झंपर शिवायला टाकणंच सोडलं. शिव्या जितक्या जास्त, तितका कचरू खूश.

"आरोप करायचाच नाही," तो सांगायचा. "अर्धं बोलायचं अन् थांबायचं. 'जाऊ द्या महाराज, माझ्या तोंडून नको.' बाकीचं राजा आपल्या मनानंच रचते."

एकच गोष्ट त्याला उमगत नव्हती. हा दिवाण असं करतो कशापायी? वहीत कारणच नव्हतं. लोक विचारत, "राणीनं तुमचं काय घोडं मारलं होतं हो?" मग कचरू दरसाल नवं कारण ठोकून देई. कधी जहागीर, कधी जुनं प्रेम. त्याचं त्यालाच ते पटत नसे.

यंदा तालमी सुरू व्हायच्या आधी संघपाल दुकानात आला. संघपाल म्हणजे नाटकातला शिपाई, राजाच्या मागं भाला धरून उभा राहणारा. चहा पिता पिता म्हणाला, "देवानंदभाऊ प्रज्वलकडून वही पाठ करून घेऊन राह्यले म्हणे. तुमचीच वाक्यं... जाऊ द्या, मले काय करा लागते."

देवानंद म्हणजे नाटकातला राजा आणि कचरूचा लहानपणापासूनचा जिवलग. प्रज्वल त्याचा पुतण्या.

"सरळ सांग ना बे!"

"नाही भाऊ. तुमच्या दोस्तीत माहं तोंड नको."

झालं! कचरूच्या डोक्यात भुंगा शिरला. परवा देवानंद रस्त्यात थांबला नाही, म्हणजे टाळत होता. मागच्या साली "आता आपलं वय झालं" म्हणाला, म्हणजे तेव्हापासूनच ठरलेलं. त्यात एका संध्याकाळी देवानंदच्या खिडकीतून प्रज्वलचा आवाज आला, दिवाणजीचीच वाक्यं. आता आणखी काय पाहिजे?

"अहो, जाऊन विचारा ना त्यायले," बायको अन्नपूर्णा म्हणाली. "दहा घरं सोडून तर राह्यतात."

"इचारायचं काय त्यात? मी पाह्यलं ना!"

"पाह्यलं की ऐकलं?"

कचरू तिच्यावरच खेकसला. तीन दिवस तो देवानंदच्या गल्लीत फिरकला नाही. भूमिका जाणार, आणि ती काढून घेणार देवानंद! त्यापेक्षा आपणच नाटक सोडावं, असं त्यानं ठरवून टाकलं.

चौथ्या दिवशी दुपारी मशीन चालवता चालवता तो सवयीनं पुटपुटला, "जाऊ द्या महाराज, माझ्या तोंडून नको."

पाय थांबले. अरे! हे तर त्या दिवशी संघपाल बोलला. सगळ्या गावाला बावीस वर्षं हा डाव दाखवणारा माणूस त्याच डावात तोंडावर आपटला होता. गळ्यातली टेप तशीच ठेवून तो देवानंदकडं धावला.

ऐकून देवानंद आधी हसला, मग खाली बघू लागला. "मले वाक्यं ध्यानात राहत नाहीत रे आताशा. तुले सांगायची लाज वाटे. प्रज्वल तुहं बोलते, मी माहं बोलतो. तुह्याशिवाय मी कायचा राजा बे?"

कचरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं देवानंदचा हात धरला तो सोडलाच नाही.

संघपाल पानटपरीवर सापडला. "काऊन केलं बे?" कचरूनं विचारलं. आधी त्यानं हात झटकले, मग त्याचे डोळेच भरले. "बावीस वर्षं भाला धरून उभा हाव मी. एक वाक्य नाही. नाटक झाल्यावर सगळ्यायचं नाव घेतात, माहं घ्यायचं कोणाच्या ध्यानात येत नाही. तुमी सोडलं असतं तर मलेच घ्या लागलं असतं. सगळं पाठ हाय मले."

जहागीर नाही, प्रेम नाही. एवढंसंच होतं ते! कचरूला त्याचा राग यायला हवा होता. आलं ते हसू. "लेका, मी तोंडाले रंग लावून फसवतो. तू चहा पिता पिता फसवलं!"

दोघा दोस्तांनी मिळून ठरवलं, यंदा दोन प्रयोग. पहिल्यात दिवाण संघपाल, आणि भाला धरायला कचरू.

प्रयोगाला वस्ती लोटली. संघपाल राजाच्या कानाशी वाकला, अर्धं बोलला, थांबला, नजर खाली घातली. "जाऊ द्या महाराज..." देवानंदचा चेहरा काळवंडला. मागं उभ्या कचरूला ते तीन दिवस आठवले, आणि त्याला राहवेचना. भाला टाकून तो ओरडला, "ऐकू नको देवानंद! इचार तिले जाऊन!"

देवानंद पुढचं वाक्य साफ विसरला. त्यानं कचरूकडं पाहिलं, मग उठला आणि सरळ राणीला विचारायला गेला.

त्या संध्याकाळी राणी मेली नाही.