मीनाबाईंचं बंद दार

मीनाबाई आमच्या गल्लीतल्या निवृत्त नर्स. सोलापूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, पण मीनाबाईंचं दार तेव्हाही सताड उघडं. कुणाचं पोर पडलं, कुणाला चक्कर आली, की लोक न विचारता आत शिरतात. मी समोरच राहतो, त्यामुळे त्यांचा चहा आणि त्यांची बोलणी, दोन्ही मला रोज मिळतात.

या उन्हाळ्यात मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांचा मुलगा दिपक पुण्यात असतो. तो रविवारी येऊन आईला कायमचं घेऊन जाणार होता. "तू एकटी ऱ्हातीस. काय झालं तर कुणाला कळणार?" हे त्याचं म्हणणं. जायचं मुळीच मनात नव्हतं, तरी बिचाऱ्यांनी बॅग भरून ठेवली होती.

त्यात माझी लेक प्रतिक्षा. ती कॉलेजात सिनेमाचं शिकते आणि घरी येऊन आम्हाला शिकवते. तिला थरारपटाची नुसती सुरुवात करून दाखवायची होती. "पप्पा, भूत दाखवलं की भीती संपली," ती म्हणाली. "दाखवायचंच नाही. दार बंद, आणि बाहेरून फक्त आवाज. आता काय होतंय, असं बघणाऱ्याला वाटत राहिलं पाहिजे." नायिका अर्थातच मीनाबाई. दार लावून त्यांनी खुर्चीत बसायचं. काही झालं तरी उठायचं नाही, बोलायचं नाही. बाहेरून थांबून थांबून कडी वाजवायचं काम माझ्याकडे.

मी चपला शोधत बसलो आणि तिथंच घोळ झाला. गल्लीतले धोंडिराम भाजी घेऊन चालले होते. बंद दार बघून ते जागीच थबकले. "मीनाबाई?" त्यांनी कडी वाजवली. उत्तर नाही. मी पोचलो तोवर दारात निम्मी गल्ली जमली होती.

"आवो, आत सिनेमा चाललाय," मी म्हणालो.

धोंडिराम भडकले. "मीनाबाईचं दार बंद हाय, आन् तुमाला सिनेमा सुचतोय व्हय?"

आता कबूल करायला हरकत नाही, आतून कसलीच चाहूल लागेना तेव्हा मलाही शंका यायला लागली. सगळं ठाऊक असून मी सगळ्यांच्या वरताण दार बडवायला लागलो.

आतली हकिकत प्रतिक्षाने नंतर सांगितली. मीनाबाई खुर्ची घट्ट धरून बसल्या होत्या, घामाने डबडबलेल्या. कुणी हाक मारली आणि ओ द्यायची नाही, ही त्यांना शिक्षाच. प्रतिक्षाने मोबाईल दाराखालच्या फटीवर रोखून ठेवला होता. तिथं आधी एक सावली आली, मग दुसरी, मग फटीतला उजेडच गेला. बाहेर कुणीतरी रडायला लागलं. तेवढ्यात धोंडिराम ओरडले, "पहार आना रं!"

मीनाबाई ताडकन उठल्या. "आरं, सागवानी दार हाय त्ये! जिती हाय मी!"

दार उघडलं. धोंडिरामांनी तोंडाला येईल ते सुनावलं आणि टॉवेलनं डोळे पुसले. मीनाबाई त्यांच्यावरच खेकसत होत्या. मग सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.

प्रतिक्षाने संध्याकाळी ते चित्रीकरण दिपकला पाठवलं. शेवटची मीनाबाईंची आरोळी मात्र कापून, कारण म्हणे सुरुवातीलाच उत्तर द्यायचं नसतं! त्याचा लगेच फोन आला. "आई कुटं हाय?" मीनाबाईंनी फोन घेतला. "मला काय धाड भरलीय? भाकरी करतीया." प्रतिक्षाला मी चांगलंच झापलं.

रविवारी दिपक आला. बॅग दारातच होती. ती त्याने उचलली, आत नेली आणि एकेक साडी कपाटात लावायला लागला.

"माझ्या मजल्यावर चार दारं हायती, आई," तो म्हणाला. "सगळी बंदच आसत्यात. कोण कुणाला हाक मारत न्हाय."

मीनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आम्हाला वाटलं, आनंदानं रडतायत. पण त्या लेकाजवळ गेल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "शेजारच्याचं नाव तरी इचारून घे रं, बाबा. तुला काय झालं तर मला कोण सांगणार?"