चौरंगावरून चढायची गाडी

साठीची असताना मी फार अल्लड होते. लोणावळ्यात शेजारणीने मोठी गाडी घेतली, म्हणून मला तिच्याहून उंच हवी झाली, सात सीटची. घरात माणसं दोन. "उरलेल्या पाच सीटवर काय तुझा तोरा बसणार?" यांनी विचारलं होतं. बसला की! कार्ल्याच्या फाट्यावर बसवाल्यांच्या डोळ्याला डोळा भिडवत गाडी हाकायची मी. महामूर्ख बाई!

आता यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला सोमाटण्याकडे न्यायचं असतं आणि त्या गाडीत यांचा पाय पोचत नाही. सत्यनारायणाचा चौरंग पायरी म्हणून ठेवते. सोमवारी त्यावरून घसरून पडले. लागलं थोडंच, पण घरी येऊन म्हणाले, "बास. बुधवारी मी यायचा नाही." डॉक्टर म्हणतात, एकही खाडा चालणार नाही.

मंगळवारी मी एक बुटकी हायब्रिड गाडी, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, चालवून बघायला दाराशी बोलावली. शोरूमचे गृहस्थ डिझेल-पेट्रोलचा हिशेब सांगायला लागले. "आजी, गाडी महाग वाटते, पण पाच वर्षांत वसूल."

"आधी माझी वॉरंटी विचारा डॉक्टरांना," हे म्हणाले.

मी हसले नाही. यांची व्हीलचेअर आणून डिकीत कोंबून पाहिली. मावेना, तिथली जागा बॅटरीने खाल्लेली. शेवटी खुर्ची मागच्या सीटवर आडवी घातली आणि गृहस्थ तिच्याशेजारी अंग चोरून बसले. हे मात्र पुढच्या सीटवर आपले आपण बसले. चौरंग नाही, माझा खांदा नाही. कित्येक महिन्यांनी.

कार्ल्याच्या फाट्याशी गाड्या तुंबल्या. आम्ही थांबलो आणि इंजिन आपोआप गप्प झालं. त्या शांततेत यांचा श्वास ऐकू आला. तुटक, ओला, मध्येच अडणारा. मोठ्या गाडीच्या घरघरीत तो मला इतके महिने कधी ऐकूच आला नव्हता.

"काय ऐकतेस?"

"गाडी. आवाजच नाही हिला."

यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. मग म्हणाले, "घे ही. ही मिळेपर्यंत चौरंग नीट धर म्हणजे झालं."

बुधवारी जुन्याच गाडीने निघालो. हे चढताना चौरंग मी दोन्ही हातांनी धरला होता. कामशेतला गाड्या तुंबल्या, तेव्हा मी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि कान देऊन बसले.