रविवारी लोखंडाला हात नाय

ताकाला जाऊन भांडं लपवायची आपल्याला सवय नाय, म्हून आधीच सांगतो. माझा शेजारी मुंजाबा गेला, त्यात माझ्या जिभेचा वाटा आहे. हे मला आन माझ्या बायकोला, द्वारकेला, दोघांनाच ठाऊक.

आम्ही पडेगावचे, घरं समोरासमोर. वाळूजच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर, तो प्रेस मशीनवर. त्याच्या बापानं सगळी हयात मेंढरांमागं घातली, ह्यानं मशीनीमागं घालायची ठरवली. सुट्टी रविवारची, तं गडी रविवारीबी ओव्हरटाईमला हजर. "घरी बसून काय अंडी उबवू?" म्हणायचा. पोरी झोपेत असताना जायचा, झोपल्यावर यायचा. एकदा त्याची धाकटी, बाना, मला इचारती, "कडूकाका, आमचे बाबा कारखान्यातच राहतेत का?" मी मोठ्यानं हसलो. हसायला नको होतं.

एका उन्हाळ्यात त्याच्या डाव्या हाताला कळा यायला लागल्या. एक दिवस अंगणातच बसला, घामानं डबडबलेला. म्हाळसाबाईनं, त्याच्या बायकोनं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. चार दिवस आडवा होता. डॉक्टरनं घरी सोडताना सांगितलं, गोळ्या चुकवू नका, रोज बेतानं चाला, आन आठवड्यातून एक दिवस पुरता आराम. पुढचा झटका इचारून येणार नाय. मुंजाबा बाहेर येऊन म्हणतो, "डॉक्टरला काय जातंय सांगायला!" जित्याची खोड, दुसरं काय.

पण म्हाळसाबाई कमी नव्हती. तो परत कामावर जायच्या आदल्या शनिवारी तिनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला आन म्हणाली, "तुमी दवाखान्यात पडले होते तव्हा मी साताऱ्याच्या खंडोबाला बोललेय. माणूस उभं राहू दे, रविवारी ते लोखंडाला हात लावणार नाय. पोरींना घेऊन तुझ्या पायरीला येतेन. आता मोडलं तं देव आन तुमी."

डॉक्टरला न भ्यालेला गडी खंडोबाला भ्याला. लोखंड नाय म्हंजे प्रेस नाय, मोटारसायकल नाय, फावडं नाय. एका रविवारी मी गेलो तं हा ओट्यावर बसून लसूण सोलतोय, नखानं! इळीला हात लावायची सोय नव्हती ना. मी पोट धरधरून हसलो. "हस लेका," म्हणाला, "तुझ्या घरात देव नाय."

दर रविवारी सकाळी पोरी दोन बाजूंनी आन हा मधी, साताऱ्याच्या रस्त्याला लागायचे; हे आमच्या जवळचं सातारा गाव, ते लांबचं शहर नव्हं. दमला की झाडाखाली बसायचे, उरलेलं बसनं. बसमधली गंमत तं इचारूच नका. वरचा दांडा लोखंडाचा, धरणार कसा? मग थोरली एका हाताला, बाना दुसऱ्या हाताला, आन हा मधी डुलतोय. सहा महिन्यांत तोंडावर तजेला आला. बानाला पाढे येत नाय, थोरलीला दुधाची साय आवडत नाय, हे त्याला पहिल्यांदा कळलं. मला येऊन सांगायचा, जसा काय शोध लावलाय.

नळावर एकदा म्हाळसाबाई द्वारकेजवळ बोलून गेली. नवस-बिवस काय नव्हता. खंडोबाला तिनं एक शब्द बोललेला नव्हता. ऐकत नाय म्हून आपल्याच मनानं रचलं. "देव मला माफ करील, चांगल्यासाठीच केलं," म्हणाली. द्वारकेनं मला सांगितलं आन वर बजावलं, "आवो, कुठं बोलू नका." पण जिभेला हाड नसतं.

माघात माझ्या पोरीचा साखरपुडा ठरला, फुलंब्रीला, रविवारी. त्याच आठवड्यात प्रेसवरचा दुसरा गडी आजारी पडला आन सोमवारी माल जायचा होता. साहेब म्हणाले, "माणूस उभा कर, नाय तं कडूबा तू स्वतः उभा राहा." मी मुंजाबाला गाठलं. तो म्हणाला, "नाय रे, देवाचं आहे." मी हातापाया पडलो. "नायच." मंग माझं डोस्कं फिरलं.

"आरं कसला देव आन कसला नवस! बायकोनं बनवलंय तुला. डॉक्टरचं ऐकत नाय म्हून नवस रचला तिनं. इचार तिला!"

तो चिंधीनं हात पुसत राहिला. मला वाटलं, आता दोन ठेवून देतो. तं हा हसला. "आयला, म्हाळसा लई हुशार निघाली." मंग म्हणाला, "जा तू. पोरीचा साखरपुडा कर. एका रविवारानं काय व्हतंय? तुझं नाव नाय सांगत मी तिला."

नको म्हणायला पाहिजे होतं. त्याचं दुखणं मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "लई उपकार झाले."

रविवारी सकाळी आम्ही जीपमधी बसत होतो तव्हा समोर मुंजाबा मोटारसायकलला किक मारत होता. म्हाळसाबाई दारात उभी, तोंडाचं पाणी पळालेलं. पोरी वेण्या घालून, नवे फ्रॉक घालून तयार. बाना त्याच्या शर्टाला लोंबकळून वरडत होती, "बाबा, लोखंड! बाबा, लोखंड हाय!" त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली. मला लांबूनच हात केला. मी ड्रायव्हरला म्हणालो, जीप हाण.

फुलंब्रीत साखर वाटून झाली आन शेजारच्या घरी फोन आला. मुंजाबा तीन वाजता गेला, मशीनीपाशीच.

दहाव्याला म्हाळसाबाई माझ्यासमोर बसली. "भाऊजी, मी देवाच्या नावानं खोटं बोलले. त्या दिशी मी त्यांना लई इचारलं, तुमाला सांगितलं कोणी? तं हसून म्हणाले, खंडोबानं. देवानंच सांगितलं, भाऊजी. माझ्या पापानं गेले ते." द्वारका माझ्याकडं बघत होती. माझं तोंड उघडलं नाय. तव्हा बी नाय, त्याच्यानंतर बी नाय.

आता रविवारी मी कामाला जात नाय, साहेब काय बी म्हणो. त्या तिघी साताऱ्याला निघाल्या की मी बी मागं चालतो. येताना बसला गर्दी राहती. परवा बस गचकन थांबली, बाना पडता पडता राहिली. मी म्हणालो, "दांडा धर ना पोरी."

"नाय काका. बाबांनी धरलं म्हून गेले."

आन तिनं माझा हात धरला.