न बुडणारी घटिका

परवा जुन्या भांड्यांच्या दुकानात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी दिसली आणि आमच्या इंझोरी गावातलं तायडीचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न आठवलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. घंगाळातल्या पाण्यावर गुरुजींनी अशीच वाटी, म्हणजे घटिका, सोडली होती. भोकातून पाणी शिरून ती चोवीस मिनिटांत बुडायची. बुडाली की मुहूर्त.

मी कॉलेजात विज्ञान शिकत होते. मनगटावर नवं घड्याळ होतं आणि गुरुजींवर माझा भरवसा नव्हता. तीस मिनिटं झाली तरी वाटी बुडेना. मला संशय आला. वाकून पाहिलं, तर भोक मेणानं जवळजवळ बुजवलेलं.

“गुरुजी, हे काय करून राह्यले तुमी?”

“हळू बोल, बाई. नवरदेवाची जीप मंगरूळच्या रस्त्यात बंद पडली. पुढं आलेला त्याचा आजा म्हणते, मुहूर्त टळला तं लग्न नाही.”

पलीकडे बसलेल्या त्या आजोबांना आमची कुजबुज दिसली. “काहून पोरी, बुडाली का घटिका?”

“नाही आबा, वेळ हाय अजून,” मी म्हणाले आणि घड्याळावर पदर ओढला.

पुढे मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. चुकीचं मोजमाप कुणाला माफ केलं नाही. तायडीला मात्र तिच्या मुहूर्ताबद्दल अजून सांगितलेलं नाही.