वहिनीला दिलेल्या गोळ्या

माझ्या तोंडावरचे फोड हा आमच्या गल्लीचा सार्वजनिक विषय होता. दूधवाला, शेजारच्या काकू, मी नोकरी करत होते त्या पतसंस्थेत पैसे भरायला येणारे अनोळखी लोक, ज्याला त्याला त्यावरचं औषध माहीत होतं. कुणी मुलतानी माती सांगायचं, कुणी कडुलिंबाचा पाला. "लगीन झालं की जात्यात की आपोआप," असं म्हणणाऱ्या बायकांना तर मला एकदा ओळीत उभं करून ऐकवायचं होतं, की अहो, लग्नच त्यापायी अडलंय. दोन स्थळांनी नकार देताना कारणसुद्धा लपवलं नव्हतं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि वेणी घालतानाही आरशात बघायचं टाळत होते.

शेवटी राजारामपुरीतल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझी हनुवटी उजेडाकडे वळवून पाहिली आणि म्हणाल्या, "आता वरून लावून भागणार नाही. पोटात घ्यायची गोळी सुरू करू. पण जालीम आहे." रक्त तपासायला लावलं आणि पुढ्यात एक कागद ठेवला. लग्न झालंय का, ठरलंय का, असं दोनदा विचारलं. "ही गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत. बंद केल्यावरही महिनाभर नाही. राहिले तर बाळात व्यंग येऊ शकतं. डोकं, हृदय, कान, कशातही. घाबरवायला सांगत नाही. असं झालेलं आहे, म्हणून सांगते." मी मान खाली घालून सही केली. लाजेनं नीट ऐकलंच नाही, असं आज म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण मी शब्दन् शब्द ऐकला होता.

गोळ्यांच्या खोक्यावर एका गरोदर बाईचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली. ते चित्र आईच्या नजरेला पडलं असतं तर लग्न न झालेल्या मुलीला असल्या गोळ्या कशाला, इथपासून सुरुवात झाली असती. म्हणून खोकं आणि आतला माहितीचा कागद मी कपाटात साड्यांखाली सारला आणि नुसत्या स्ट्रिपा स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकल्या. बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा म्हणजे आमच्या घराचा दवाखाना. सगळ्यांच्या गोळ्या त्यात एकत्र. अमक्याला लागू पडलेली गोळी तमक्यानं घ्यायची, शेजाऱ्यांनाही दोन द्यायच्या, यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट नाही म्हणणारा कंजूष ठरायचा. स्ट्रिपेच्या मागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचायची रीत आमच्याकडे नव्हती.

पहिले काही आठवडे वाईट गेले. ओठ फुटून रक्त यायचं, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. एकदा कामावर असताना नाकातून रक्त आलं आणि समोरच्या माणसाच्या पासबुकावर थेंब पडला. तो बिचारा माझीच माफी मागायला लागला. त्या दिवसांत मला उगाच भीती वाटायची, की हे औषध फोडांच्याही पलीकडे कुठेतरी जातंय. पण दोन महिन्यांनी गाल निवळले आणि मी ती भीती विसरले. आनंदानं माणूस किती बेफिकीर होतो, ते मी स्वतःवरूनच सांगते.

त्याच सुमारास वहिनीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. ती पेठ वडगावची. दादाशी लग्न होऊन तिला दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत आईनं तिला 'काय गं, काही हाय का?' असं विचारलं नाही असा एक महिना गेला नसेल. वहिनीच्या हनुवटीवर चार-दोन पुटकुळ्या होत्या, बस्स.

"वन्सं, तुमचं तोंड कसलं तुकतुकीत झालंय वो. म्हायेरी लगीन हाय पुढल्या म्हैन्यात. मलाबी द्या की त्यातल्या."

तेव्हा मला तो कागद आठवला का? आठवला. पण दोन वर्षांत जे झालं नाही ते दहा दिवसांत कुठलं होतंय, असा विचार मी केला. शिवाय 'दिवस राहिले तर' हे शब्द वहिनीपुढे काढायचे म्हणजे तिच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवायचं. घरात सगळे तेच करत होते. मला त्यांच्यात जायचं नव्हतं. अशी मी चांगली नणंद. दहा गोळ्यांची एक स्ट्रिप तिच्या हातावर ठेवली आणि एवढंच म्हणाले, "जपून घे."

तिनं मान डोलावली. कशापासून जपायचं, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दीड महिन्यानंतरच्या एका गुरुवारी संध्याकाळी मी कामावरून आले, तर आई नृसिंहवाडीहून पेढे घेऊन आली होती. तिनं चप्पलसुद्धा काढू न देता माझ्या तोंडात पेढा कोंबला. "आत्या व्हनार तू!" वहिनी दाराला टेकून हसत होती. तिची हनुवटी अगदी स्वच्छ झाली होती. मी पेढा तोंडात तसाच धरून त्या हनुवटीकडे बघत उभी राहिले. आईला वाटलं मला भरून आलंय, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्या रात्रीपासून मी हिशेब मांडत राहिले. दहा गोळ्या, म्हणजे दहा दिवस. त्या संपून महिना होऊन गेलेला. डॉक्टरीणबाई महिनाच म्हणाल्या होत्या. म्हणजे निभावलं असेल. निभावलंच असेल. दिवस तो महिना भरायच्या आतच राहिले असणार, ते न मोजता शुक्रवारी मी स्वतःला हे पटवलं. शनिवारी वहिनीच्या माहेरची माणसं फळं घेऊन आली आणि मी त्यांना चहा दिला. रविवारी आईनं माळ्यावरून दादाचा पाळणा काढून घासायला घेतला. तिसरा महिना लागायच्या आत पाळण्याला हात लावू नये, असं तिचंच म्हणणं असायचं, पण तिला राहवेना. तो घासण्याचा आवाज मला ऐकवेना. मी दोनदा वहिनीच्या खोलीपर्यंत जाऊन परत फिरले. घराचा आनंद आपल्या तोंडानं मोडायची माझी छाती झाली नाही, खरं तेवढंच आहे.

सोमवारी दुपारी रजा टाकून घरी आले आणि वहिनीला सगळं सांगितलं. कपाटातलं खोकं काढून ते चित्र दाखवलं. तिनं ते खोकं उचलून पिशवीत टाकलं. मग म्हणाली, "चला." आईला भाजी आणायला जातो म्हणून सांगितलं आणि आम्ही स्कूटरवरून तिच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी खोकं हातात घेतलं आणि विचारलं, "शेवटची गोळी कधी घेतली?"

महिना होऊन गेला, असं मीच सांगणार होते. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "आज सकाळी."

दहा संपल्यावर तिनं दादाच्या उचगावच्या दुकानाजवळच्या मेडिकलमध्ये रिकामी स्ट्रिप दाखवली होती. "दिल्या की त्यानं. डाक्टरची चिठ्ठी कुठं मागितली? गुण येत हुता, म्हनून बंद न्हाय केल्या. तोंडासाठी पैसं घालिवल्यालं सासूबाईस्नी आवडलं नसतं, म्हनून बोललो न्हाय." म्हणजे दिवस गेल्यापासून आजपर्यंत ती रोज एक घेत होती.

डॉक्टरांनी खोकं टेबलावर ठेवलं. सोनोग्राफी करू, पण तिच्यात सगळंच दिसेल असं नाही, म्हणाले. मग वहिनीला म्हणाले, "निर्णय तुम्हा नवराबायकोचा; पण माझं मत विचाराल तर हे पुढं नेण्यात मोठा धोका आहे. नवऱ्याला बोलावून घ्या."

वहिनीनं दादाला फोन लावला. दुकान बंद करून येतो म्हणाला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. समोर भिंतीवर बाळांचे फोटो लावले होते, तिनं तिकडं पाठ केली आणि माझ्याकडे तोंड करून बसली.

"वन्सं, दिवस गेल्यालं तुमाला कधी कळलं?"

"गुरुवारी. पेढे आणले तेव्हा."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मग ती हाताच्या बोटांवर मोजू लागली.

"शुक्रवारी एक घेतली. शनवारी एक. ऐतवारी एक. आज सकाळी तुमी भाईर च्या पीत बसला हुता, तवा आत मी एक घेत हुतो."