साडूंची जड शेपटाची काठी

कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या टापूत आमच्या थोरल्या साडूंइतका तोल सांभाळणारा माणूस झाला नाही, आणि त्यांच्यापायी जितक्या माणसांचा तोल गेला तितक्यांचा गुत्त्यांपायीही गेला नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. मशीनवरून उतरलेला भाग फिरवून बघायचा आणि तो कुठल्या अंगाला झुकतो ते सांगायचं, एवढंच काम. पण कारखान्याचा भोंगा वाजला म्हणून ते काम सुटत नसे. बदलापुरात बेलवलीला त्यांचं घर; तिथला पंखा डुगडुगतो म्हणून त्यांनी पात्यांवर अशी हिशेबाने नाणी चिकटवली, की पंखा चालू आहे की बंद हे कळायला ताईंना खाली उदबत्ती धरावी लागे. बाजारातून येताना दोन्ही हातांतल्या पिशव्या सारख्याच जड हव्यात हा नियम. डावीकडे कांदे जास्त झाले, की उजवीकडे भोपळा. त्या घरात भोपळा कुणालाच आवडत नव्हता. "हा खायला नाही आणला, तोलाला आणलाय," असं ते म्हणायचे. "मग तोलानंच खा," असं म्हणून ताई त्यांच्या ताटात सगळा भोपळा वाढायच्या. मला स्कूटरवर मागे बसवलं की हुकूम सुटायचा, "साडूभाऊ, जरा उजवीकडे. डाव्या डिकीत डबा आहे." त्यांच्या डब्यातल्या दोन भाकऱ्यांसाठी मी बेलवली ते स्टेशन अर्धा अधांतरी प्रवास किती वेळा केला असेल, ते माझं मलाच माहीत.

अशा माणसाच्या हाती गोल्फची काठी लागू नये. पण लागली. ऐंशीच्या दशकात ते एकदा उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये मोरीच्या नळासाठी पाइप आणायला गेले. तिथल्या भंगारवाल्या सिंधी शेठने पाइपांच्या ढिगातून एक लखलखती काठी काढली. खालच्या टोकाला लोखंडाचा ठोकळा, वरच्या टोकाला रबर. "साईं, विलायती माल है. कुत्ता देखते ही भागेगा." साडूंनी ती बोटावर आडवी धरली, ती ठोकळ्याकडे कलंडली, आणि त्यांचा चेहरा उजळला. जगात आणखी एक बिघडलेली गोष्ट सापडली होती! नळ तसाच गळत राहिला. पुढे रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात त्यांना त्या काठीचा फोटो दिसला, तेव्हा कळलं की हिला पटर म्हणतात आणि गोल्फमध्ये चेंडू शेवटी हलकेच ढकलून भोकात घालायला ती वापरतात. त्याच पानावर असंही लिहिलेलं, की काठीच्या मुठीकडच्या टोकात वजन भरलं तर हात थरथरत नाहीत आणि चेंडू सरळ जातो. साडूंनी ते पान एखाद्या सनदेसारखं घडी करून पाकिटात ठेवलं. भेटेल त्याला ते सांगत सुटले, "पुढे डोकं जड, तर मागे शेपूट जड पाहिजे. माकड फांदीवरून चालतं ते कशाच्या जोरावर?" एकदा स्टेशनवर तिकीट तपासनिसालाही त्यांनी हे ऐकवलं. तो बिचारा मान डोलावत राहिला आणि मागचे चार फुकटे निसटले.

त्यानंतर काही वर्षं त्या काठीचं शेपूट वाढत होतं. उल्हास नदीवर जाळी टाकणाऱ्यांकडून साडूंनी जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या. कॅम्प दोनमधल्या एका लेथवाल्याकडून काठीला वर वीतभर नळी जोडून घेतली आणि तिला आट्यांचं पितळी बूच बसवून घेतलं. बूच उघडायचं, गोळ्या टाकायच्या, वर कापूस कोंबायचा, बूच लावायचं, काठी बोटावर धरायची, मान हलवायची, पुन्हा बूच उघडायचं. लेथवाला पहिल्यांदा कौतुकाने बघायचा. मग घाबरून बघायला लागला. "अरे साईं, इतना वजन भरोगे तो गेंद इधरही रहेगा और आदमी उधर जाएगा!" मूठ तर त्यांनी इतक्या वेळा बदलली की विचारू नका. आधी बॅटचं रबर गुंडाळलं, मग सायकलची ट्यूब, मग ताईंच्या जुन्या पर्सचं चामडं. ती पर्स जुनी झाली आहे हे ताईंना काठी बघितल्यावर कळलं.

आता चेंडू ढकलायचा तर हिरवळ पाहिजे. ती आमच्याकडे कुठून येणार? पण घरमालकीण आजीचं अंगण होतं, शेणाने सारवलेलं, गुळगुळीत. साडूंनी तिथे तुपाचा रिकामा डबा पुरायला घेतला आणि आजी कोयता घेऊन बाहेर आली. "माज्या आंगनान खड्डा खनलास तर तुलाच पुरीन त्यान!" साडूंनी तिला काठी दाखवली, माकड सांगितलं, फांदी सांगितली. आजीला त्यातलं काय पटलं देव जाणे, पण डबा पुरला गेला. मग साडूंनी त्या अंगणाचा असा अभ्यास केला की तितका त्यांनी स्वतःच्या बायकोच्या स्वभावाचा केला असता, तर त्यांचा संसार दुप्पट सुखाचा झाला असता. सकाळी सारवलं की चेंडू जड चालतो, दुसऱ्या दिवशी पळतो, पोपडे धरायला लागले की नाचतो. उतार मोरीकडे. उखळापाशी एक उंचवटा. उतार बघायला ते जमिनीला गाल लावून पडायचे. एकदा पोस्टमनला वाटलं माणूस फीट येऊन पडला, आणि त्याने आपली चप्पल काढून साडूंच्या नाकाला लावली. साडू हलले नाहीत. "थांबा, उतार दिसतोय," एवढंच म्हणाले. आजीची एक खुडूक कोंबडी त्यांच्या एकुलत्या एका चेंडूवर जाऊन बसली, तेव्हा तिचा हट्ट संपेपर्यंत हा माणूस खुराड्यासमोर स्टूल टाकून बसला होता. कोंबडी उठली तेव्हा, खोटं सांगत नाही, तिच्या चेहऱ्यावर निराशा होती आणि यांच्या चेहऱ्यावर बाळंतीण सुटल्याचा आनंद.

या सगळ्यात त्यांची भागीदार एकच, त्यांची लेक. एकुलती एक. डब्यातून चेंडू काढून बापाच्या हातात द्यायचं काम ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून करत आली. कॉलेजात गेली, अंबरनाथला एका कंपनीच्या ऑफिसात लागली, तरी संध्याकाळी पर्स खुंटीला अडकवून अंगणात यायची. "बाबा, आज उखळाकडून घ्या." बापलेकीचं बोलणं एवढंच, पण ते रोज चालायचं. साडू हिशेब न करता एकच गोष्ट करायचे. ती यायच्या वेळेला ते फाटकाशी जाऊन उभे राहायचे.

त्या ऑफिसातल्याच एका इंजिनियर मुलाशी तिचं जमलं. मुलगा सोन्यासारखा, आपल्याच समाजातला, पण त्याचे वडील लष्करातून निवृत्त झालेले मेजर, पुण्याला बंगला, मिशा अशा की दोन्ही टोकांवर पेला ठेवावा. त्यांनी पोराला विचारलं म्हणे, "बदलापूर? तिथे माणसं राहतात?" तरी एका रविवारी स्वतःच्या मोटारीने ते पाहायला आले. भाची सकाळपासून जेवली नव्हती. मला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "काका, ते नाही म्हणाले तर हा वडिलांच्या शब्दाबाहेर जायचा नाही. आणि बाबांना काठीचा विषय काढू देऊ नका हं!"

विषय काढायची गरजच पडली नाही. "जयभीम" झाला, पोहे आले, पहिला घास घेताना मेजरांची नजर दाराआडच्या काठीवर गेली. "यू प्ले?" साडू म्हणाले, "अंगणात." मेजर हसले. ते हसू मला आवडलं नाही. मोटारीच्या डिकीतून त्यांनी स्वतःची चकचकीत काठी काढली आणि म्हणाले, "चला, तीन-तीन होऊन जाऊ द्या."

आता आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीकडच्यांनी खाली बघायचं, सोयऱ्याचा शब्द वर राहू द्यायचा, पत्ते खेळलात तरी हरायचं. ताईंनी खिडकीतून डोळे वटारले. मी खोकलो. माझी बायको खोकली. आजीला काही माहीत नव्हतं, पण सगळे खोकतायत म्हणून तीही खोकली. साडूंनी मान हलवली, म्हणजे समजलं. मेजरांनी पहिला चेंडू मारला. अंगण आदल्या दिवशीच सारवलेलं. चेंडू जो सुटला तो थेट मोरीत. दुसरा खुराड्याखाली. तिसरा घाबरत मारला, तो वाटेतच बसला. मेजरांच्या मिशीचं एक टोक खाली आलं.

साडू उभे राहिले. त्यांनी डबा सोडून सरळ उखळावर नेम धरला. चेंडू उखळाला लागला, उंचवट्यावर चढला, वळला आणि डब्यात पडला. टण्! दुसऱ्या वेळेला त्यांनी डोळे मिटले. टण्! मी त्यांच्या कानाशी लागलो, "अहो, चुका की!" ते रडवेले होऊन कुजबुजले, "चुकतोच आहे हो. ही चुकू देत नाही." एवढी वर्षं त्या काठीला त्या अंगणासाठी तोलून तोलून त्यांनी असं करून ठेवलं होतं की आता तिला माणूस नुसता धरायला लागत होता. तिसऱ्या वेळेला ते पाठमोरे उभे राहिले आणि दोन पायांमधून चेंडू मागे ढकलला. चेंडू भलतीकडेच निघाला, उतारावर आला, थोडा विचार केला आणि डब्याच्या काठावरून आत घरंगळला. टण्! स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. भाची होती की भांडं, मला बघायचा धीर झाला नाही.

मेजर बराच वेळ डब्याकडे बघत होते. मग हात पुढे करून म्हणाले, "ती काठी द्या इकडे." साडूंनी दिली. मेजरांनी ढकलला. टण्! त्यांनी काठीकडे पाहिलं. पुन्हा ढकलला. टण्! त्यानंतर त्या माणसाने खेळ थांबवला नाही. पोह्यांचा दगड झाला, चहा दोनदा गरम झाला, मेजर बूट काढून अंगणात. शेवटी घाम पुसत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आम्हाला देणंघेणं काही नको. विहारात साधं लग्न. मुलगी पसंत आहे." सगळ्यांनी श्वास सोडला. "फक्त ही काठी आम्हाला द्या."

साडूंचा चेहरा पडला. "मुलगी आजच घेऊन गेलात तरी चालेल," ते म्हणाले, "काठीचा जरा विचार करावा लागेल." पदर सावरत ताई बाहेर आल्या आणि काय बोलल्या ते इथे छापता येणार नाही. पण भाचीने बापाकडे नुसतं पाहिलं, आणि साडूंनी काठी उचलून व्याह्यांच्या हातात ठेवली.

लग्न ठरल्याप्रमाणे विहारात साधेपणाने झालं. साडू हसतमुख होते, पंगतीत आग्रह करत फिरत होते. भाची पुण्याला गेली आणि तिथेच रमली, निदान पत्रात तसं लिहायची. मेजरांच्या घरी लष्करी शिस्त. माहेरी येणं सणावाराला, तेही वेळापत्रकाने. एकदा साडू मला बाजारातून येताना दिसले, एकाच हातात पिशवी, अंग एका बाजूला वाकलेलं, आणि दुसरा हात नुसताच लोंबत होता. "साडूभाऊ, भोपळा?" मी विचारलं. "राहिला," म्हणाले. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

आणि एका रविवारी फाटकाशी मोटार थांबली. मेजर लालबुंद होऊन उतरले, हातात काठी. "व्याही, फसवलंत! पुण्याच्या हिरवळीवर ही चालतच नाही. सगळा क्लब हसतो मला!" मोटारीच्या मागच्या दारातून भाची उतरली. साडूंनी काठी बोटावर धरली, गंभीर झाले. "वजन गवतासाठी बदलावं लागेल. नाजूक काम आहे. दुपार जाईल." त्या दिवशी भाची संध्याकाळपर्यंत थांबली. महिन्याभराने मेजर पुन्हा आले. "थोडा फरक पडला, पण अजून डावीकडे जाते." मग पुन्हा महिन्याने. वाट चुकू नये म्हणून की मेजरांना घाटात झोप येऊ नये म्हणून, सून प्रत्येक वेळी बरोबर. असं वर्षभर तरी चाललं असेल. साडूंसारखा कसबी माणूस वर्षभरात एक काठी गवतावर आणू शकत नाही हे मला काही पटेना.

म्हणून एका रविवारी मी मुद्दाम त्यांच्यामागे मागच्या पडवीत गेलो. पुढच्या अंगणात मेजर आजीला युद्धाच्या गोष्टी सांगत होते. साडूंनी बूच उघडलं, शिशाच्या गोळ्या एका वाटीत ओतल्या, फडक्याने एकेक पुसली, आणि त्याच गोळ्या, तेवढ्याच, पुन्हा काठीत भरल्या. वर कापूस. बूच घट्ट.

"साडूभाऊ, अहो हे काय चाललंय!" मी ओरडलोच.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आतून ताटाचा आवाज येत होता, ताईंचं काहीतरी वाढणं चाललं होतं, आणि भाची कशावर तरी खळखळून हसत होती.

"हळू बोला," ते म्हणाले. "तिचं जेवण व्हायचंय अजून."