काका कॅमेऱ्यासमोर खोटं का बोलले?

मंडळी, आज दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय.

थेरगावात आमच्या शेजारी साळुंखे काका राहतात. कंपनीतली नोकरी सांभाळून त्यांनी एका नामवंत गायकाला वीस वर्षं तबल्याची साथ केली. त्या गायकावरचा नवा माहितीपट आज आम्ही काकांच्याच घरी बघितला. त्यात काकाही दोन मिनिटं दिसतात. म्हणतात, "बुवा कधी कुणावर चिडलेले मी पाहिले नाहीत."

काकूंना हसूच आवरेना. "अहो, चाकणच्या कार्यक्रमात बुवांनी भर स्टेजवरून तुम्हालाच उठवलं होतं ना? महिनाभर तबल्याला हात लावला नव्हता तुम्ही!"

मी विचारलं, "काका, मग असं का सांगितलंत?"

काका म्हणाले, "खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो रे. पण कॅमेऱ्याशेजारी बुवांची मुलगी उभी होती. वडिलांबद्दल ऐकायला मुद्दाम आलेली. माझी जीभच रेटेना."

मला आजवर वाटायचं, मस्का फक्त माहितीपट बनवणारेच मारतात. त्या मुलीसमोर तुम्ही काय सांगितलं असतं?